डॅन्यूबवर सुटलेली चक्की

संत यानोशचा दिवस, जून १४५६
एस्टरगोमच्या खाली, चक्कीवरून

ओर्शोल्या,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्याच्या मागच्याचंही नाही. नदीवर पत्रं हरवतात, असं मी स्वतःला सांगतो. पत्रं नेणार कोण, तर नाववाले. नाववाल्यांवर भरवसा ठेवणारं माणूस आपल्या घरात एकच निघालं, ते म्हणजे तू.

हे भांडण उकरायला लिहिलेलं नाही. वरची ओळ खोडली असती, पण कागद पातळ आहे, फाटेल.

तुझ्या नवऱ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. वुकाशिन नाववाला आहे, सर्ब आहे, क्रूसाची खूण उलट्या बाजूने करतो, हे जगाला माहीत आहे, मी सांगायला नको. दोन नावांवर तरंगणाऱ्या आमच्या चक्क्या नाववाल्यांच्या वाटेत येतात, त्यांच्या नावा आमच्या चाकांवर आदळतात, आणि बापजाद्यांपासून आम्ही एकमेकांना शिव्या घालत आलो आहोत. चक्कीवाल्याची मुलगी नाववाल्याकडे जाते म्हणजे उंदीर मांजराच्या घरी नांदायला जातो. पण ते असो.

मला एवढंच विचारायचं आहे की तू वर कधी येतेस. सगळे म्हणतात तुर्क बेलग्रादवर चालून येतो आहे. तीन वर्षांपूर्वी ज्याने कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तोच सुलतान, त्याच तोफा. तुझं स्लांकामेन तिथून किती, तर नावेने एका दिवसाची वाट. रागावर बसून राहायला ती जागा चांगली नाही. राग इथे येऊन कर. चक्कीवर जागा आहे.

तो शेपटीचा तारा तुमच्याकडेही दिसतो का? सूर्य बुडाला की पश्चिमेला येतो, पिसारा पसरून. नदीत त्याची शेपटी पार आपल्या चाकापर्यंत लांब पडते. चाक तिला कापतं, ती पुन्हा जुळते, चाक पुन्हा कापतं. मी बघत बसतो आणि मग धास्ती वाटते की यातलं काही पिठात तर उतरत नसेल. शेजारच्या चक्कीवरची बोर्बाला म्हणते, "आंब्रुशकाका, तारा आभाळात आहे, तुम्ही दळता गहू." तिला कशाचीच भीती वाटत नाही. अशा माणसांची मला भीती वाटते.

तुर्काशी लढायला गावोगाव माणसं गोळा करत फिरणाऱ्या त्या अनवाणी साधूचे लोक रोज तराफ्यांवरून खाली जात आहेत. अंगरख्यावर लाल क्रूस शिवलेला, हातात कोयते, गोफणी. त्यात चांभार आहेत, व्हिएन्नाचे विद्यार्थी आहेत. एकाने मला हाक मारली, "आजोबा, बेलग्राद किती लांब?"

"नदी नेईल तिथवर जा."

"आलं हे कळायचं कसं?"

"तोफा ऐकू येतील."

तो हसला. कोवळा होता. मी त्याला पीठ दिलं. सुकं पीठ, आता तो त्याचं काय करणार? देऊन झाल्यावर सुचलं.

वर ये. बोलू नकोस हवं तर.

आंब्रुश, तुझा बाप

संत लॉरेन्सच्या आदल्या दिवशी, ऑगस्ट

ओर्शोल्या,

तुर्क हरला! तुला ते माझ्याआधी कळलं असणार, तू तिथेच आहेस. पण बातमी आली तेव्हा इथे लोक पाण्यात उड्या मारत होते आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं.

एक मीठवाला नाव ओढत वर आला, त्याने सगळं सांगितलं. तुर्कांनी नावा साखळीने बांधून नदी अडवली होती. आपल्या नावा स्लांकामेनला जमल्या आणि प्रवाहाबरोबर सुसाट जाऊन त्या साखळीवर आदळल्या. "साखळी तुटली, काका! नाववाल्यांनी तोडली!" नाववाला असल्यामुळे त्याला ते दहा वेळा सांगायचं होतं. मी म्हटलं, आदळण्यात ते पहिल्यापासून पटाईत आहेत. तो रागावला. मग मी विचारलं, वुकाशिन नावाचा कोणी होता का?

"पहिल्या नावेत होता."

"मग?"

"मग काय? पहिल्या नावेत होता." आणि तो मिठाची पोती झाकू लागला.

लढाईनंतर छावणीत ताप पसरला आहे, असंही तो म्हणाला. काखेत गाठ येते आणि माणूस जातो. तुर्कांच्या हातून जे वाचले त्यांना ताप मारतो आहे. मोठे सेनापतीही आजारी आहेत म्हणे. आणि तुझं गाव मधोमध. स्लांकामेनमध्ये किती घरं बंद झाली, विचारलं. तो म्हणाला, "मी उतरलो नाही. कोणीच उतरत नाही."

एक ओळ पाठव. "आहे" एवढं लिहिलंस तरी चालेल. अक्षर तुला मीच शिकवलं, पाद्रीबाबांनी मला शिकवलं त्याच्या निम्मं, पण "आहे" लिहिण्यापुरतं तर येतं तुला.

गव्हात किडे झाले आहेत. पावसाने दमट झालं आहे सगळं. मला झोप नाही.

ऑगस्ट, मारीयामातेच्या सणानंतर
नदीवर. कुठे ते माहीत नाही.

ओर्शोल्या,

मी मुद्दाम आलो असं समजू नकोस. मी तुला झालं तसं सांगतो.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. पहाटेची घंटा, संध्याकाळची घंटा, बाकी सगळा दिवस देवळाने गप्प राहायचं. मधेच घंटा वाजली तर तिचा एकच अर्थ: वरून काहीतरी सुटून येतं आहे. बर्फ, ओंडक्यांचा तराफा, पेटलेली नाव. तेव्हा चक्कीवाल्याने वर बघत बसायचं नाही. चाक उचलायचं, साखळीची मेख ठोकून काढायची आणि चक्की प्रवाहात सोडायची, म्हणजे येणारं जे असेल ते मागे राहतं. खालच्या वळणावर गाव दोर घेऊन धावतं आणि चक्की ओढून घेतं. माझ्या आज्याला असंच ओढलं होतं, मला दोनदा.

परवा भर दुपारी घंटा वाजली. ऊन डोक्यावर, पाणी शांत, आणि घंटा वाजते आहे, वाजते आहे. माझे हात माझ्याआधी उठले. चाक वर, मेख बाहेर. साखळी पाण्यात गेली आणि चक्की हलली. मग मी मागे बघितलं. वरून काहीच येत नव्हतं. बाकीच्या चक्क्या जागच्या जागी, आणि त्यांच्यावर लोक गुडघे टेकून बसलेले.

वळणावर आलो. तिथेही सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटून, ओठ हलताहेत. दोर पायाशी पडलेला. मी ओरडलो, "अरे धरा! धरा रे!" एका म्हाताऱ्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रार्थना अर्धी सोडली तर पाप लागेल म्हणून पुन्हा मिटला.

नंतर एका कोळ्याने सांगितलं. पोपने हुकूम काढला आहे की तुर्काविरुद्ध रोज दुपारी गावोगाव घंटा वाजवायची आणि प्रार्थना करायची. लढाई जिंकून झाली, मग हुकूम पोचला. इतकी मोठी माणसं आणि एवढा उशीर! रविवारी देवळात सांगितलं होतं म्हणे. मी रविवारी गेलो नव्हतो. गुडघा दुखत होता.

तर हे असं झालं. आता चक्की थांबेल तिथून कोणीतरी मला वर ओढून नेईल. काळजी करू नकोस. तू करत नसशीलच.

बुडाच्या खाली, संत इश्तवान राजाच्या सणाला

ओर्शोल्या,

अजून थांबली नाही.

बुडाजवळ घोड्यांनी नावा ओढणारे भेटले. "आजोबा, दोर टाका! एस्टरगोमला नेऊन लावतो!" चांगली माणसं होती. पण पुढचा घोडा मला लंगडा वाटला. लंगड्या घोड्याच्या भरवशावर चक्की द्यायची म्हणजे वेडेपणा. मी हात हलवून पुढे गेलो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे होते.

संध्याकाळी चक्की वाळूच्या दांड्याला टेकवतो किंवा एखाद्या वाकलेल्या झाडाला बांधतो. सकाळी सोडतो. सोडतो म्हणजे सुटते.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, हसू नकोस. दुपार झाली की काठावर घंटा सुरू होते. शेतातला माणूस विळा टाकून खाली बसतो. धुणं धुणाऱ्या बायका तशाच ओल्या हातांनी बसतात. गाई पाण्यात पोटापर्यंत उभ्या, त्याही हलत नाहीत. सगळं जग थांबतं आणि एकटी माझी चक्की त्याच्यामधून चालत असते, आवाज न करता, कारण चाक वर उचललेलं आहे. ती घंटा मागे विरते तोवर पुढच्या गावाची सुरू होते. एक गाव मला दुसऱ्याच्या हातात देतं आहे असं वाटतं. आपल्या दारात चक्की एका जागी आणि नदी वाहायची. आता नदी जागेवर आहे आणि गावं वाहत जातात. करकोचे धुराड्यांवर जमले आहेत, जायच्या तयारीत. कधीकधी मला वाटतं मी मेलो असेन आणि कोणी मला सांगितलं नसेल. मग भूक लागते आणि बरं वाटतं.

बुडाला एका कापडवाल्याने एक पान दाखवलं. ऱ्हाइनकडच्या एका गावात कोणीतरी बायबल हाताने न लिहिता ठोकून काढलं आहे, शिशाच्या अक्षरांनी. पानावर जितके "अ" तितके सगळे एकाच आईचे. एकही थकलेला नाही, एकही थरथरलेला नाही. कापडवाला म्हणाला, "आता लिहिणाऱ्यांचे दिवस भरले." मला ते पान आवडलं नाही. कोणाच्या हाताचं आहे ते कळायला नको? माझं अक्षर वाकडं आहे, पण तू ते अंधारात ओळखशील.

बोर्बाला रविवारी पाण्यापलीकडून घंटेबद्दल काहीतरी ओरडत होती, हे मला आता आठवतं. ती बोलते फार. मी तेव्हा जात्याचा आवाज ऐकत होतो. सगळं काही ऐकू येत नाही माणसाला.

ऑगस्ट सरता सरता, मोहाचच्या खाली

ओर्शोल्या,

इथून पुढे नदी रुंद आहे आणि माणसं कमी. वर जाणाऱ्या नावा भेटतात, त्यांच्यात लोक आडवे झोपलेले असतात. गावं त्यांना काठाला लागू देत नाहीत, लांब काठ्यांनी ढकलतात. मी पिठाचं पोतं दोराने सोडलं तर ते हात जोडतात आणि मला जवळ येऊ नको म्हणतात. त्यांच्याकडूनच कळलं की मोठे सेनापती तापाने गेले. ज्याने तुर्काला हरवलं त्याला एका गाठीने नेलं.

काल एका नावेवर स्लांकामेनचा नाववाला होता. मी वुकाशिनबद्दल विचारलं. मी आधी गव्हाचा भाव विचारला, मग पाण्याचं, आणि मग वुकाशिनचं.

"साखळीवर पहिली नाव त्याचीच आदळली. आदळली आणि उलटली. साखळी तुटली तीही तिथेच."

"पोहता येतं त्याला."

"येत होतं."

नाव पुढे निघाली होती. मी ओरडलो, "त्याची बायको?"

"तापात होती! नंतर मी तिला पाहिली नाही!"

"पाहिली नाही म्हणजे?"

तो काहीतरी बोलला, वारा उलटा होता.

ओर्शोल्या, मी हे पत्र कोणाजवळ देणार? मीच घेऊन येतो आहे. तू वाचशील असं धरून लिहितो आहे. न धरता लिहिता येत नाही, मी तसं करून पाहिलं.

आता मी संध्याकाळी चक्की बांधत नाही.

मारीयामातेच्या जन्मदिनी, सप्टेंबर
स्लांकामेन

ओर्शोल्या,

तू आहेस! देवा. तू आहेस.

हे पत्र पोतं नेणाऱ्या बाईच्या हाती देतो. मला काठावर उतरू देत नाहीत, उतरू दिलं असतं तर मी स्वतः आलो असतो. आलो असतो का? तुझ्या दारापर्यंत आलो असतो.

सकाळी धुक्यातून चक्की तुमच्या घाटासमोर निघाली तेव्हा काठावर माणसं लांब काठ्या घेऊन उभी होती.

"लांब! लांब राहा! कुठून आलात?"

"एस्टरगोमहून."

"म्हातारबा, लोक जीव घेऊन वर पळताहेत आणि तुम्ही चक्की घेऊन खाली?"

"चुकून झालं."

"चुकून माणूस शेजारच्या गावात जातो!"

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण हसून झाल्यावर त्यांना काय करावं कळेना. मग मागून एक बाई म्हणाली, "ती दळते का?"

हसणारे सगळे माझ्या चाकाकडे बघू लागले. मग समजलं की इथल्या चक्क्यांच्या नावा लढाईसाठी काढून नेल्या, दगड भरून तुर्कांच्या साखळीवर सोडल्या. जाती काठावर पडली आहेत, फिरवायला काही नाही. गाव महिनाभर उकडलेला गहू चघळतं आहे.

"दळते," मी म्हटलं.

काठ्या खाली झाल्या. पाण्यात उभं राहून बायकांनी माझा दोर धरला. नाववाल्यांनी नांगर टाकायला मदत केली, हेही लिहून ठेवतो. ठरलं असं की मी काठावर यायचं नाही, धान्य नावेने येईल.

मग मी त्या बाईला तुझं विचारलं. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. ती म्हणाली, "ओर्शोल्या? वुकाशिनची? आहे. तापातून उठली. कोणाशी बोलत नाही, पण उठली."

मी खांब धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "रडताय का?" मी म्हटलं, पीठ गेलं डोळ्यात. ती म्हणाली, "अजून दळायला कुठे लागलात?"

पहिलं पीठ तुला पाठवतो आहे. गरम आहे, पोत्याचं तोंड उघडं ठेव, नाहीतर घाम धरेल.

संत मिहायच्या दिवशी, सप्टेंबर

ओर्शोल्या,

काल तू आलीस. तू तिथेच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला कळलं नसेल.

तू स्वतः वल्हं मारत आलीस. इतकी बारीक झाली आहेस की आधी मला कोणी पोरगी वाटली. केस कापलेत. रांगेत तुझ्या पुढे दोन नावा होत्या, तू त्यांच्या मागे थांबलीस. मी त्या दोन पोत्यांना किती वेळ लावला! तू निघून जाशील म्हणून लवकर दळावं असं वाटत होतं, आणि तू जवळ आलीस की काय बोलावं हे माहीत नव्हतं म्हणून दळण संपू नये असंही वाटत होतं.

"एक पोतं आहे," तू म्हणालीस. "जरा दमट आहे."

"दमट दळत नाहीत."

"मग परत नेते."

"ठेव."

पाहिलंस ना, आपण दोघंही तसेच आहोत.

दळून झालं. तू पोतं उचललंस आणि हातातच तोललंस. चक्कीत वाढलेली तू, मापटंभर कमीजास्त तुला तळहाताला कळतं.

"दळणाचा वाटा घेतला नाहीत."

"घरच्यांकडून घेत नाहीत."

तू खिळ्यावरचं मापटं काढलंस, तुझ्या पोत्यात खुपसलंस, काठोकाठ भरून वरून तळहाताने सपाट केलंस आणि माझ्या कोठीत ओतलंस. मग म्हणालीस, "घरचं माणूस गेलं की एक दिवस चक्की थांबवतात ना, बाबा?"

"हो."

"वुकाशिनसाठी थांबली?"

मी म्हटलं, मला कळलं तेव्हा मी वाहत होतो, चाक वरच होतं.

"आणि इथे आल्यावर?"

"इथे आल्यावर लोक उपाशी होते."

"हो," तू म्हणालीस. "ते खरंच आहे." आणि नाव सोडलीस.

तू भांडली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे बरीच उत्तरं होती. रात्रभर ती मी एकेक काढून पाहिली, त्यातलं एकही दळलेलं नव्हतं.

ऑक्टोबर, त्यानंतरच्या सोमवारी

ओर्शोल्या,

सूर्य उगवायच्या आधी चाक उचललं.

नावा आल्या तशी आरडाओरड सुरू झाली. "काय झालं? मोडली का?"

"मोडली नाही. आज थांबली आहे."

"का? आज कसला सण?"

"घरचं माणूस गेलं आहे."

"कोण?"

तो शब्द मी कधी तोंडातून काढला नव्हता. बोर्बालाने एकदा मुद्दाम काढायला लावला होता, तेव्हाही मी खोकून वेळ मारून नेली. "जावई," मी म्हटलं. "वुकाशिन. नाववाला होता."

मग एकाने टोपी काढली. मागच्या नावेतला एक जाडा माणूस म्हणाला, "महिने झाले की त्याला जाऊन! आज आठवलं? आमची पोरं काय खातील?" त्याला शेजारच्या बाईने कोपर मारलं. पण तो बरोबर होता. मी त्याला कालपर्यंतचं माझ्या कोठीतलं पीठ दिलं, वाट्याचं. तुझंही त्यात होतं. ते सगळ्यांना थोडं थोडं दिलं, कोठी रिकामी झाली. एका नाववाल्याने वुकाशिनची गोष्ट सांगितली, की त्याला वल्हवताना गाणं म्हणायची सवय होती, साखळीकडे जातानाही तो गात होता, आणि तो बेसूर होता. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मला आवडलं असतं ऐकायला. नसतं आवडलं. पण ऐकलं असतं.

सगळे गेल्यावर चक्कीत बसलो आहे. थांबलेली चक्की फार चमत्कारिक वाटते. पाणी दोन्ही नावांच्या मधून जातं आणि चाकाला शोधत असल्यासारखं खालून हात लावतं. पिठाची धूळ बसायला लागली आहे, तुळईवर, माझ्या बाहीवर, या कागदावर. उन्हाच्या पट्ट्यात ती उतरताना दिसते, संपतच नाही. इतकी वर्षं ती हवेत होती आणि मला दिसली नव्हती.

मधे एक यात्रेकरू नावेतून गेला, त्याने पलीकडच्या जगाच्या बातम्या ओरडून सांगितल्या. फ्रान्समध्ये मागे एका पोरीला चेटकीण म्हणून जाळलं होतं, तिला आता न्यायसभेने निर्दोष ठरवलं. तिची आई म्हातारी झाली तरी तिने न्यायाचं दार ठोठावणं सोडलं नाही, म्हणून. मी त्याला विचारलं, त्या आईला आता काय मिळालं? तो म्हणाला, "कागद." आणि त्या अनवाणी साधूलाही ताप आहे. हे वर्ष माणसं फार खातं आहे.

दुपारनंतर.

तू आलीस म्हणून मधे थांबलो होतो.

बांधलीस नाव, आलीस वर, बाकावर बसलीस. मीही बसलो. बराच वेळ आपण दोघं धूळ बघत होतो. मला वाटलं तू वुकाशिनबद्दल बोलशील, म्हणून मी तयार होतो, त्याच्याबद्दल मी काहीही ऐकून घेतलं असतं. तू उठलीस, जात्याजवळ गेलीस आणि वरच्या दगडी तळीखाली बोटं घातलीस.

"बोथट झाली आहे. टाकी कधी लावली होती?"

"लावली होती."

"कधी, बाबा?"

"तू होतीस तेव्हा."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांचा गहू दळत नव्हता, चेंगरत होता!"

"लोक तक्रार करत नव्हते."

"लोक तुम्हाला घाबरतात."

"मला? मीच सगळ्यांना घाबरतो."

तू हसली नाहीस, पण तुझं नाक हललं. तुझ्या आईचं हलायचं तसं. मग तू हत्यारांची पेटी स्वतःच ओढून काढलीस, ती कुठे असते ते तुला विचारावं लागलं नाही. म्हणालीस, चक्की थांबलीच आहे तर आजच टाकी लावून तळीच्या खाचा पुन्हा काढून घेऊ, उद्या पुन्हा रांग लागेल. टाकीची धार अंगठ्यावर पाहिलीस आणि तोंड वाकडं केलंस.

तुला हे पत्र द्यायचं कसं, आता मला समजत नाही. तू इथे आहेस, पाठमोरी, बाह्या वर करून. हात अजून तापातले वाटतात. तुला म्हटलं, जरा बस, दूध पी. तू म्हणालीस, "लिहा तुम्ही. मला माझं करू द्या." म्हणून लिहितो आहे. काय लिहितो आहे तेही पाहत नाही, तुझ्याकडे पाहतो आहे. तू पाचर मारून तळी उचलली आहेस, हात भरून आले असणार, आणि आता तू ओरडते आहेस,

"बाबा, पुरे झालं लिहिणं! तळी उलटायची आहे. हे एकटीनं होत नाही!"

आलो.